पऱ्हाटीला काटे नसतात

तो व्हिडिओ एका मिनिटाचाही नाही. धुळ्या-जळगावात मला ओळखणाऱ्या निम्म्या लोकांच्या फोनमध्ये तो असावा, आणि उरलेल्यांना कुणीतरी तो दाखवलेला असतो. लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग खिशात हात घालतो. "तुम्हीच ना हे?" असं विचारून तो फोन माझ्या ताटावर धरतो. मग माझी जीप पुन्हा एकदा चिखलात रुतलेली दिसते. चाकं जागच्या जागी फिरतात, दोघंजण चाकांखाली काट्याकुट्या कोंबतात आणि गाडी डोलत डोलत बाहेर येते. मागे वाळूच्या टेकड्या. माझा शालक गळा फाटेस्तोवर ओरडतोय. अगदी शेवटी लांबच्या टेकडीवर एक बाई हात वर करून उभी दिसते, आणि मी खिडकीतून हात बाहेर काढून तिला हात करतो.

लोकांना हा शेवटच फार आवडतो. भुसावळच्या एका साखरपुड्यात नवरीचे मामा म्हणाले, "बघा, वाळवंटातली माणसंसुद्धा आपल्या खान्देशच्या गाडीला शाबासकी देताहेत." मी खाली मान घालून वरणभात कालवत राहिलो. त्यांना वाटलं, माणूस फार साधा आहे.

जीप मी शेतीसाठी घेतली, हे मी घरात सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. राहायला मी धुळ्यात देवपूरला, शेत पांझरा नदीच्या काठाने वर गेल्यावर लागणाऱ्या आमच्या गावात, आणि पावसाळ्यात तिथली काळी जमीन साध्या गाडीला गिळते. चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. पण कपाशीच्या शेतात जायला जेवढी गाडी लागते तेवढ्यावर थांबेन तर मी कसला. आधी टायर बदलले, मग पुढे दोर ओढायचं यंत्र बसवलं, मग जीप चांगली हातभर उंच करून घेतली. ते काम माझ्या एका जुन्या मित्राने केलं. त्याचं धुळ्यात स्पेअर पार्टचं दुकान आहे, मागे गॅरेज, वडिलांच्या वेळेपासूनचं. तो म्हणाला होता, "भाऊ, शेतातच जायचं ना? मग एवढी उंच कशाला? आईंना चढायला स्टूल लागेल." मी म्हणालो, फोटोत बरी दिसते. त्याने मान हलवली आणि जॅक लावला.

आम्ही तिघे गाडीवाले. मी, हा स्पेअर पार्टवाला दोस्त, आणि भुसावळचा एक मित्र, रेल्वेतून निवृत्त झालेला, ज्याला आयुष्यभर रुळांवरून गेल्यामुळे आता कुठेही वळावंसं वाटतं. चौथा माझा शालक. त्याची गाडी नाही, पण त्याच्या हातात फोन असतो. गेल्या वर्षी आम्ही ठरवलं की जैसलमेरच्या पलीकडे वाळूत जायचं. शालकाने फ्लेक्स छापून आणला. वर 'वाळवंट मोहीम', खाली आम्हा चौघांचे गॉगल लावलेले चेहरे, आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून मित्रपरिवार. धुळ्यात वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, दहावी पास झाल्याचा लागतो, मग वाळवंटाचा का नको? निघताना तो जीपच्या पुढे बांधून आम्ही देवपूरमधून एक चक्कर मारली. आज ती चक्कर आठवली तरी कान गरम होतात.

निघायच्या आदल्या दिवशी तिकडच्या मुक्कामाच्या माणसाचा फोन आला. पाऊस फार झालाय, दोन-चार दिवस थांबून या, टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागा भरल्यात. मी त्याला हसत म्हणालो, "अहो, आम्ही काळ्या मातीतली माणसं. आम्हाला पावसाचं काय सांगता?" फोन स्पीकरवर होता आणि सगळे हसले. म्हणून मला आणखी चेव आला.

आणि पहिला दिवस खरंच असा गेला की मी म्हणतो तेच बरोबर वाटावं. ओली वाळू दबून घट्ट झाली होती. ज्या टेकड्यांवर कोरड्या दिवसांत गाड्या रुतून बसतात म्हणतात, त्यांच्यावर आम्ही सरळ चढून गेलो. सगळीकडे बारीक हिरवी लव उगवली होती. वाळवंट हिरवं होतं हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. रेल्वेवाला मित्र गाडी थांबवून खाली उतरला आणि त्या लवेवरून नुसता हात फिरवत बसला. मी त्याला हॉर्न वाजवून उठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन टेकड्यांच्या मध्ये एक मोठं सपाट मैदान लागलं. मध्यभागी पाणी चमकत होतं आणि कडेची जमीन पांढरट, वरून सुकलेली. बाकी दोघे टेकडीच्या अंगाने वळसा घालून निघाले. मी मधून घातली. आमच्याकडे काळी आणि पांढरी हा हिशेब पोराला चालता यायच्या आधी शिकवतात. काळीत पाय घालशील तर रुतशील, पांढरीवर गाव वसतं. पांढरं दिसलं की आमचं पाऊल आपोआप निर्धास्त पडतं. तिथलं पांढरं म्हणजे वर पापडाएवढा सुकलेला थर आणि खाली मेणासारखा चिखल. शंभरेक हात गेलो असेन, पुढची चाकं खाली गेली, मग मागची, आणि एवढी उंच केलेली जीप पोटावर टेकली. यंत्राचा दोर बांधायला जवळपास एक झाड नव्हतं.

दोघे मित्र गाड्या कडेला लावून चालत आले; तिथवर दोर पुरत नव्हता आणि गाडी आत आणली तर तीही रुतली असती. शालक व्हिडिओ काढत होताच. आता यात काय करायचं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बैलगाडी रुतली, ट्रॅक्टर रुतला, एसटी रुतली, तरी आमच्याकडे एकच उपाय. कपाशी निघाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या बांधाबांधावर रचून ठेवलेल्या असतात. जवळच्या बांधावरून दोन कवळे, कवेत मावतील तेवढ्या, आणायच्या आणि चाकाखाली घालायच्या. बांध कुणाचा, हे कुणी विचारत नाही. भरताची वांगी भाजायलाही त्याच, आणि तेव्हाही कुणी विचारत नाही. उलट मालक लांबून बघून म्हणतो, अजून घ्या, ओल्या आहेत त्या. पऱ्हाटी मागून घेणं म्हणजे पाणी मागून पिण्यासारखं, थोडं परकेपणाचंच.

मैदानाच्या पलीकडच्या काठाला तशीच एक लांब रास दिसत होती. सुकलेल्या फांद्या, रांगेत टाकलेल्या. मी ओरडलो, "बांधावरच्या आणा रे." त्यांनी आणल्या. मग मीही गेलो आणि कवळा भरून घेऊन आलो. हाताला काटे रुतत होते, शर्टाची बाही फाटली, दोस्ताच्या तळहातातून रक्त आलं. तो म्हणाला, "ये पऱ्हाटी नहीं है, भाऊ." मी म्हणालो, जी आहे ती घाल. पऱ्हाटीला काटे नसतात. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. आम्ही पाच-सहा खेपा केल्या. एवढ्या लागणार नव्हत्या, पण गाडी पहिल्याच झटक्यात निघावी, व्हिडिओ चांगला यावा, म्हणून मी आणखी आणायला लावल्या.

गाडी निघाली. ती निघताना दिसते तीच ही फिल्म. टेकडीवर लाल ओढणीतली एक बाई हात वर करून उभी होती, तिला मी हात केला, आणि जीप काठावर आणून उभी केली.

आम्ही फ्लास्कमधला चहा ओतला तोवर ती बाई टेकडी उतरून आली होती. माझ्या आईच्या वयाची असेल. चालून धापा टाकत होती. मी तिला चहाचा कप पुढे केला. तिने कप घेतला नाही. आमच्यावरून नजर काढून ती रास होती तिकडे बघायला लागली, आणि मीही वळून बघितलं. रास जिथे होती तिथे आता मोठं भगदाड होतं आणि भगदाडातून आतलं शेत दिसत होतं. चार बोटं वर आलेली बाजरी, मधून मधून गवार. पाऊस पडताच पेरलेलं, ओळीत उभं राहिलेलं कोवळं पीक. राशीच्या आडोशामुळे ते आम्हाला एवढा वेळ दिसलंच नव्हतं.

ती वई होती. काट्यांचं कुंपण. आमच्या गावातही आजोबांच्या काळात वई असायची आणि मी ती बघितलेली आहे.

मारवाडी बोली आमच्या बाजारपेठेत लहानपणापासून कानावर पडते, त्यामुळे तिचं बोलणं आम्हा सगळ्यांना कळलं, आणि कळलं नसतं तर फार बरं झालं असतं. ती रागावली नाही. म्हणाली, मी टेकडीवरून ओरडत होते, थांबा, थांबा. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल. मुलगा दगडाच्या खाणीवर बाहेरगावी आहे, घरी ती आणि सून. दोन वर्षं पेरलेलं उगवलंच नव्हतं, यंदा उगवलं. घरातली बाजरी आणि बकऱ्यांचा चारा, सगळं एवढ्याच तुकड्यावर. मग तिने सूर्याकडे बघितलं आणि खरी गोष्ट सांगितली. मैदानात पाणी साचल्यापासून गावाची गुरं रोज दिवस कलायच्या आत इथे पाणी प्यायला येतात. पाणी आणि शेत यांच्यामध्ये होती ती फक्त ही वई.

मी भरपाईचं काहीतरी पुटपुटलो. तिने ते ऐकलंच नाही असं केलं आणि ती चिखलात उतरून फांद्या उपसायला लागली. आम्हीही उतरलो. पण गाडीखाली चिरडलेल्या काट्यांचा भुगा झाला होता. वर येत होत्या त्या चिखलाने माखलेल्या वीतभर काड्या. भुसावळचा मित्र म्हणाला, ते पलीकडचं झाड तोडू या. बाईने एकदम मान हलवली. ते झाड खेजडीचं, म्हणजे आपल्या शमीचं; तिकडे ते पवित्र, त्याला हात लावत नाहीत. वई सुकलेल्या काट्यांची, हिवाळाभर वेचून आणलेल्या. आम्ही तिचा एक हिवाळा अर्ध्या तासात चिखलात घातला होता. आमच्यात म्हणतात, कुंपणानेच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला. इथे तर मी शेतकरी असून कुंपणच खाल्लं होतं.

टेकडीच्या पलीकडून घंटांचा आवाज यायला लागला. दोस्त म्हणाला, "गाड्या लावा भगदाडात." दुसरं काही हातात नव्हतं. तिन्ही गाड्या एकामागे एक, बंपरला बंपर लावून आम्ही भगदाडात उभ्या केल्या. त्याची पहिली, मित्राची दुसरी, माझी शेवटी. उरलेल्या फटीत शालक हात पसरून उभा राहिला. फोन त्याने खिशात ठेवला होता. एवढ्या लांबून मिरवत आणलेल्या गाड्या कुंपण म्हणून उभ्या होत्या, आणि मला क्षणभर वाटलं की चला, निभावलं.

गाई आल्या, गाड्यांना बघून बुजल्या आणि पाण्याकडे वळल्या. त्यांच्यामागून बकऱ्या आल्या. गुराखी बराच मागे होता. बकऱ्यांनी पहिल्या गाडीला तोंड लावलं, दुसरीला लावलं. त्या दोन्ही गाड्या कंपनीने दिल्या तेवढ्याच उंचीच्या, खाली चिखल साचलेला, बकरीला मुंडकंही घालता येईना. मग पुढची एक बकरी माझ्या जीपपाशी आली, खाली वाकून बघितलं आणि दरवाज्यातून जावी तशी सरळ खालून आत गेली. तिच्यामागे दुसरी. मग रांगच लागली.

मी जीपखाली आडवा शिरलो. दुसरं काय करणार होतो? चिखलात पालथा पडून हातपाय पसरले, तर बकऱ्या माझ्या पाठीवरून गेल्या. एकीचा खूर कानाला लागला. पलीकडे ती बाई ओढणीने, हाताने, ओरडून त्यांना हाकलत होती आणि त्या कोवळी बाजरी मुळासकट ओढून खात होत्या. तो आवाज फार बारीक असतो. गाडीखाली जमिनीला कान लागलेला असताना मी तो ऐकला. तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते का म्हणतात हे मला कळलं.

शेवटी दोस्ताला जीपमध्ये गुंडाळून ठेवलेला फ्लेक्स आठवला. त्याने आणि शालकाने तो माझ्या जीपच्या एका बाजूने, वरपासून जमिनीपर्यंत, दोराने ताणून बांधला. बकऱ्या थबकल्या. गुराखी आला, त्याने कळप बाहेर काढला आणि आमच्याकडे एकदा बघून निघून गेला. भगदाडाजवळचा मोठा पट्टा साफ झाला होता. पलीकडचं वाचलं. बाई खाली बसली आणि उपटलेल्या रोपांपैकी ज्यांना मूळ शिल्लक होतं ती अंगठ्याने मातीत परत दाबायला लागली. मी तसाच जीपखाली पडून होतो. बाहेर यायचं धाडस होत नव्हतं. थोड्या वेळाने तिचा हात दिसला. मातीने भरलेला हात तिने आत घातला होता, मला ओढून बाहेर काढायला. मी तो धरला. त्या हाताला जोर होता, आणि मी रडलो हे त्या तिघांनी बघितलं. त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना फ्लेक्स आम्ही तिथेच ठेवला. गाड्यांचे ओढायचे दोर, ताडपत्री, जे होतं ते सगळं खुंट्या ठोकून भगदाडात ताणलं. तिने फ्लेक्सची छापलेली बाजू शेताकडे करायला सांगितली. गुरं चेहरे बघून बुजतील आणि दोर तोडतील, असं तिचं म्हणणं. त्यामुळे आता आम्ही चौघे गॉगल लावून तिच्या बाजरीकडे बघत उभे आहोत, किंवा ऊन-वाऱ्याने फाटून गेलो असू. कुणी जाऊन बघितलेलं नाही. मी जाईन म्हणतो आणि जात नाही, कारण काय तोंड घेऊन जाऊ, हा प्रश्न सुटत नाही. घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते जीप खाली घेण्याचं. दोस्ताने कारण विचारलं नाही. व्हिडिओ मात्र तोवर शालकाच्या हातून सुटला होता. त्याने तो गाडी निघाली त्याच क्षणी, बाई खाली यायच्या आधी, पाठवून दिला होता.

या हिवाळ्यात आमच्या शेतात भरीत केलं. पाहुणे आले, वांगी आली, आणि दोघेजण सवयीने शेजारच्या बांधाकडे पऱ्हाट्या आणायला निघाले. मी त्यांना थांबवलं. शेजारचं शेत ज्यांचं आहे ते आबा माझ्या वडिलांचे दोस्त, रोजचे येणारे. ते तिथेच बाजेवर बसले होते. मी म्हणालो, "आबा, तुमच्या बांधावरच्या दोन कवळे पऱ्हाट्या घेऊ का?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरचं पाणी प्यायला नकार दिला होता. "मले इचारी ऱ्हायना? मी काय परका शे का? तुना बापनी कधी इचारं नही." चारचौघांत त्यांना ते फार लागलं. ते उठून जायला निघाले. त्यांना कसं तरी थोपवायला म्हणून मी खरं सांगायला सुरुवात केली. म्हणालो, आबा, तिकडे वाळवंटात मी कुणाच्या तरी काट्या न विचारता घेतल्या, तेव्हापासून विचारायची सवय लावून घेतोय. पुढचं सांगायचं होतं. पण तेवढ्यात एका पाहुण्याने उत्साहाने फोन काढला आणि व्हिडिओ आबांच्या डोळ्यांपुढे धरला. आबांनी तो बघितलेला नव्हता.

त्यांनी चष्मा सारखा केला. चिखल, चाकं, काट्या, सगळं शांतपणे बघितलं. शेवटी ती बाई आली, मी हात केला, आणि आबांचा चेहरा निवळला.

"ती कोन शे? तुनी वळखनी शे का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हा, आबा."

"मंग?" आबा म्हणाले आणि परत बाजेवर बसले. "ती तुले हात करी ऱ्हायनी, तू तिले करी ऱ्हायना. वळखना मानूसनी काडी लेवाले कोनी इचारस का? जा, लई या बठ्ठ्या."

पाहुणे गेले आणि कवळे भरून पऱ्हाट्या घेऊन आले. मी त्या रचल्या, वांगी वर ठेवली आणि जाळ लावला. आबा मला समजावून सांगत राहिले की माणसाने एवढं मनाला लावून घेऊ नये, आणि मी त्यांना हो म्हणत राहिलो.